बोलायला लावणारा कोण?

माइकवर नखाने दोनदा टकटक करायचं, घसा खाकरायचा आणि मग म्हणायचं, "बोलनारा मी. बोलायला लावनारा अमुक अमुक. शंका आसंल तर त्याच्या घरी जा, न्हाईतर माज्या घरी या." सगळा गाव ज्यांना मामा म्हणायचा, त्यांची कोणतीही पुकार अशीच सुरू व्हायची. मग नळाला पाणी सुटणार असो, नाहीतर कुणाची शेळी हरवलेली असो.

प्रवरेच्या काठच्या आमच्या गावात माझं साउंडचं दुकान आहे. माझाच भोंगा आपल्या टेम्पोवर बांधून मामा पार कोल्हारपर्यंत पुकारत जायचे. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. पण नाव सांगितल्याशिवाय पुढचा शब्द न काढणारा असेल, असं मला वाटत नाही. एका कापडदुकानदाराने सेलचा 'शेवटचा दिवस' सलग तिसऱ्या दिवशी पुकारायला लावला. मामा भर बाजारात म्हणाले, "आज शेवटचा दिवस हाय, आसं शेठ म्हनत्यात. काल बी म्हनले हुते." शेठ आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. गिऱ्हाइकं मात्र हसत हसत दुकानात शिरली.

एकदा संगमनेरहून एक टापटीप गृहस्थ आला. मामांचा आवाज एआयला शिकवायचा, मग टेम्पोची कटकट नको, मामा घरी झोपले तरी त्यांचा आवाज पुकारत राहील, असं त्याने समजावून सांगितलं.

"मी झोपलो आन् त्ये खोटं बोललं, तर लोकांनी कुनाच्या घरी जायचं?"

"ते सिस्टिम बघेल, मामा."

"सिस्टिमचं घर कुठंशी आलं?"

तो हसला. मामा हसले नाहीत. चहा पाजून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

पण आवाज काही कुलपात ठेवता येत नाही. पुढे काही महिन्यांनी आमच्या दूध संस्थेची सभा होती. संस्थेची रस्त्याकडेची मोक्याची जागा बाहेरच्या माणसाला भाड्याने द्यायची की नाही, हे ठरायचं होतं. सकाळीच सगळ्यांच्या मोबाईलवर मामांचा आवाज आला, "आजची सभा रद्द झालेली हाय." तेच खाकरणं, तोच हेल. ज्याने त्याने तो पुढे पाठवला आणि जो तो शेतात निघून गेला. सभा मात्र ठरल्या वेळी झाली. ज्यांना जागा द्यायचीच होती त्या मूठभरांनी हात वर केले आणि जागा गेली.

मामांना दुपारी कळलं. त्यांनी माझ्या दुकानात उभं राहून मोबाईलवर स्वतःचाच आवाज ऐकला. इतका संतापलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. त्यांनी टेम्पो नेला तो थेट संस्थेच्या दारात आडवा लावला आणि माइक हातात घेतला.

"बोलनारा मी. बोलायला लावनारा बी मीच. सकाळी बोलला तो मी न्हाई. त्यानं नाव सांगितलं हुतं का? जलमभर मी नाव सांगतोय, आन् बिननावाचं तुमी ऐकलंच कसं?"

लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "मामा, मशीनच तसलं निघालंय. आपुन काय करनार?"

"मशीन काय नदीला वाहून आलं? कुनीतरी बनिवलं, उद्या त्याचं काय हुईल ह्ये न इचारता. कुनीतरी चालिवलं. आन् पुढं ढकललं तुमी. आता ज्यानं त्यानं आपापला वाटा उचला."

चेअरमन बाहेर आले. "पोलिसात तक्रार दिलीय मामा. टेम्पो काढा आता."

"पोलिस चोर धरत्याल. सभा कोन घेनार?"

टेम्पो हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यंत्रांनी कसं वागावं यावर शहरात म्हणे मोठमोठ्या परिषदा भरतात. आमची दूध संस्थेच्या ओट्यावर भरली. दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा विचारत, "तुमी पाठिवलं हुतं का पुढं?" मान खाली घालणाऱ्याला तिथेच शेजारी बसवून घेत. बसणारे इतके झाले की दूध आत न्यायला वाट उरली नाही, तेव्हा कुठे चेअरमननी पुन्हा सभा लावली. जागा वाचली. आणि मामांनी हट्टाने एक ठराव करून घेतला: आवाज माणसाचा असो की यंत्राचा, बोलायला लावणाऱ्याचं नाव आधी, नाव नसेल तर कुणी पुढे पाठवायचं नाही. तो आवाज कुणी बनवला होता, ते अजून कळलेलं नाही.

मामा गेल्या थंडीत गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्या पुकारांची कितीतरी रेकॉर्डिंग माझ्या दुकानात पडून आहेत. मंडळी म्हणाली, अंत्यविधीची पुकार मामांच्याच आवाजात काढू, एआयला काय अवघड आहे? मलाही ते फार गोड वाटलं. तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला मी काहीही केलं असतं. पण मामींना विचारल्याशिवाय कसं करणार, म्हणून आम्ही घरी गेलो.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आन् बोलायला लावनारा कोन, म्हनून सांगनार?"

आम्ही तसेच उठलो आणि दुकानात परतलो.

भोंगा मग मीच टेम्पोवर बांधला. जन्मात कधी पुकारलं नव्हतं. माइकवर नखाने दोनदा टकटक केलं, घसा खाकरला. "बोलणारा मी, साउंडवाला. बोलायला लावणाऱ्या मामी. आपले मामा गेले. शंका असेल तर..." इथे मी पुन्हा एकदा माइकवर टकटक केलं. "तर त्यांच्या घरी या."

शंका कुणालाच नव्हती. तरी सगळा गाव घरी आला.