हनोईत वाचलेला रिपोर्ट

दिवाळीत माहेरी गेले तेव्हाच दादा मला वेगळा दिसला. निलंग्यापासून आत आमचं गाव आहे. दादा तिथं शेती बघतो आणि मी नांदेडला एका कॉलेजात इतिहास शिकवते. त्याच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. जेवताना तो तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा आणि रात्रीत चार-पाच वेळा उठायचा. पायाच्या करंगळीला चिंधी बांधलेली होती.

"काय झालंय पायाला?" मी विचारलं.

"मोटारीच्या पाइपाला ठेचाळलो. दीड महिना झाला, वाळंना गेलंय."

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी सांगा त्यास्नी. दवाखान्याचं नाव काढलं की शेताकडं निघून जातेत."

मी सांगितलं. माझं तो ऐकतो, कारण घरात शिकलेली मी एकटी. तो म्हणाला, "तू संगट येशील तर जाऊ लातूरला. डॉक्टर काय बोलतेत ते मला उमगत न्हाई." मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात नक्की जाऊ, असं म्हटलं.

पुढच्या महिन्यात कॉलेजात तपासणी समिती यायची होती, म्हणून राहिलं. त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या आम्ही पाचजणींनी व्हिएतनामची सहल ठरवली होती. आयुष्यात पहिल्यांदा परदेश, पहिल्यांदा नवरा-मुलांशिवाय प्रवास. पासपोर्ट आला त्या दिवशी मी तो तीनदा उघडून बघितला होता. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला, "बाई, कवा येतीस? पाय ठणकायलाय."

मी म्हणाले, "दादा, पेपर तपासायला बसलेय. हे संपेपर्यंत हलता येत नाही."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने ते ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "खरं सांगायला काय झालं होतं? दादा काय नको म्हणाला असता?"

दादा नको म्हणालाच नसता, उलट खूश झाला असता. पण वहिनी तुळजापूरच्या पलीकडे कुठं गेलेली नाही, आणि दादाचा पाय तसा. त्या घरात विमानाची गोष्ट काढायची मला लाज वाटली. खरं तर तिथंच थांबून विचार करायला हवा होता. सांगायची लाज वाटते ते करावं का, एवढा साधा विचार. मी त्याऐवजी दुसरी सोय केली. लातूरच्या एका लॅबला फोन केला. त्यांचा निलंग्यात रक्ताचे नमुने गोळा करणारा माणूस होता. दादाने त्याच्याकडे जाऊन रक्त-लघवी द्यायची, असं ठरवलं. रिपोर्ट कुठं पाठवू, असं लॅबमधल्या मुलीने विचारलं, तेव्हा मी माझा नंबर दिला.

"पेशंटचा नंबर, मॅडम?"

"त्यांचा साधा फोन आहे. त्यांना त्यातलं काही कळत नाही. मलाच पाठवा."

हैदराबादहून विमान होतं. आम्ही हनोईला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने निलंग्याला जाऊन रक्त दिलं. मी दिवसभर हिंडत होते. फोनला रोमिंग घेतलं नव्हतं, हॉटेलच्या वायफायवरच काय ते मेसेज यायचे. त्या रात्री दमून तशीच झोपले.

सकाळी न्याहारीला बसले आणि फोन उघडला. ताटात कलिंगडाच्या फोडी, ऑम्लेट, कसलीशी भाताची गुंडाळी होती. लॅबचा मेसेज रात्रीच आलेला होता. खाली रिपोर्टची फाइल. साखर चारशे शहाऐंशी. लघवीत कीटोन, त्यापुढे अधिकची तीन चिन्हं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडाही लाल. मेसेज मराठीत होता आणि तो मला अजून तोंडपाठ आहे. "मॅडम, रिपोर्ट गंभीर आहे. पेशंटला आजच डॉक्टरांकडे न्या. कृपया मेसेज मिळाल्याचे कळवा."

मी तो दोनदा वाचला. समजला नाही असं म्हणायला जागा नाही.

समोर माझी खोलीतली जोडीदार बसली होती. तिने विचारलं, "काय गं, चेहरा का असा?"

"काही नाही. दादाचा रिपोर्ट आलाय. थोडी साखर निघाली."

"आमच्याकडे तर सगळ्यांनाच आहे," ती म्हणाली आणि कॉफी आणायला उठली.

त्या पाच-दहा मिनिटांत काय काय करता आलं असतं, ते मी नंतर शंभरदा मोजलं आहे. नवऱ्याला एक ओळ पाठवली असती तर तो नांदेडहून गाडी काढून दुपारपर्यंत गावात पोचला असता. पण त्याने मला खोटं बोलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि आता त्यालाच निस्तरायला लावायचं मला जिवावर आलं. सहलीच्या मॅनेजरचा फोन मागून दादाला लावता आला असता. पण नंबर परदेशी दिसला असता, आवाज कुठून येतो ते विचारलं गेलं असतं. लॅबला निदान "मिळाला" एवढं तरी लिहिता आलं असतं. मग ती पुढचं विचारणार, म्हणून तेही लिहिलं नाही. मी स्वतःला सांगितलं, साखर काय आज वाढली आहे का? महिनोनमहिने असेल. संध्याकाळी निवांत बघू. फोन पर्समध्ये टाकला आणि कलिंगड खाल्लं.

आठ वाजता बस निघाली. समुद्रात उभ्या डोंगरांमधून दिवसभर बोट फिरत होती. मी फोटोंत हसले आहे. ते फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

संध्याकाळी हॉटेलच्या दारात पाय ठेवला आणि फोन वाजतच राहिला. लॅबच्या मुलीचे चार मेसेज होते. "मॅडम, आपण मेसेज वाचला आहे असे दिसते." "मॅडम, पेशंटचा दुसरा नंबर आहे का?" "फोन लागत नाही." शेवटचा सकाळी अकराचा होता, "आम्ही गावात माणूस पाठवतो आहोत." त्यानंतर नवऱ्याचे. "दादाला लातूरला आणलं. आयसीयूत आहे. वहिनीचा मला फोन आला. फोन कर."

लिफ्टशेजारच्या खुर्चीत बसून मी त्याला व्हॉट्सॲपवर फोन लावला. जे झालं ते त्याने थोडक्यात सांगितलं. निलंग्याचा तो नमुने गोळा करणारा माणूस मोटारसायकलवर आमच्या गावी गेला होता. फॉर्मवर फक्त नाव आणि गाव, तेवढ्यावर विचारत विचारत घर शोधलं. दादा पहाटेपासून उलट्या करत बाजेवर पडला होता, जोरजोरात श्वास ओढत होता. वहिनीला वाटत होतं, पित्त झालंय. त्या माणसाने शेजारची जीप काढायला लावली आणि स्वतः मागे बसून लातूरपर्यंत गेला.

"वहिनीला सांगितलंस का, मी कुठं आहे ते?" मी विचारलं. त्या वेळीही मला आधी हेच सुचलं.

"मी काही बोललो नाही. तूच सांग," तो म्हणाला आणि फोन वहिनीकडे दिला.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्ही कवा येतावा? ह्यांनी दोन बारी तुमचं नाव घेतलं."

"वहिनी, मी नांदेडला नाही. व्हिएतनामला आले आहे."

"ते कुठं आलं?"

"परदेशात. फिरायला."

मागे दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"इमानानं गेलाव?"

"हो."

"बरं. सावकाश या," वहिनी म्हणाली.

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिकीट बदलून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी हैदराबादला उतरून थेट लातूर गाठलं. विमानतळाची चिठ्ठी लावलेली बॅग ओढत मी दवाखान्याच्या जिन्यावरून चढले. दादाला तोवर साध्या खोलीत हलवलं होतं. करंगळी काढावी लागली होती. पायाला मोठं बँडेज होतं, हाताला सलाइन. माझ्याकडे बघून तो हसला. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले, तर दादा त्यांना म्हणाला, "सायेब, ही माझी बहीण. कॉलेजात शिकविती. हिनंच तपासणी करायला लावली, म्हणून वाचलो."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलं केलंत. अजून सहा-आठ तास गेले असते तर अवघड होतं."

मी मान हलवली. वहिनी खिडकीत उभी राहून सफरचंद चिरत होती. तिने वर बघितलं नाही.

बाहेर डॉक्टरांना गाठून मी विचारलं, एक दिवस आधी आणलं असतं तर बोट वाचलं असतं का? ते म्हणाले, बोट महिनाभर आधीच सडायला लागलं होतं, एका दिवसाने फरक पडला नसता. त्यांना मला धीर द्यायचा होता. पण महिनाभर आधी दादाबरोबर लातूरला येणार होते तीही मीच.

घरी जाण्याआधी मी लॅबमध्ये गेले. ती मुलगी पंचविशीची असेल. मी माझं नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली. "कसे आहेत काका?" मी सांगितलं. मग म्हणाले, "मी मेसेज वाचला होता. उत्तर दिलं नाही. चूक झाली."

ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच काही अडचणीत असाल." आणि तिला पुढचा पेशंट घ्यायचा होता.

दादाला खरं सांगायला मला दीड महिना लागला. तो घरी आला होता, वहिनी त्याला इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला शिकली होती. ओट्यावर बसून तो ड्रेसिंगवर मोजा चढवत होता. वहिनीने त्याला आधीच सांगितलं असणार, तरी मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पेपर तपासायचे नव्हते. रिपोर्ट सकाळीच वाचला होता. घाबरले, लाज वाटली, म्हणून गप्प बसले.

दादा बराच वेळ मोजाच नीट करत राहिला. मग म्हणाला, "वाचलास तवा काय करायली हुतीस?"

"न्याहारी."

"केलीस का पोटभर?"

तो टोमणा नव्हता. माझा भाऊ टोमणे मारत नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, की ते वाचून माझ्या घशाखाली घास उतरला का. मी हो म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. मग वहिनीला हाक मारून त्याने चहा सांगितला, माझ्या चहात साखर घालायला सांगितली, आणि पुढे सोयाबीनचं बोलायला लागला.

आता दर महिन्याला मी त्याला लातूरला नेते. नांदेडहून एसटीने जाते, तो निलंग्याहून येतो, आम्ही दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसतो. साखर आटोक्यात आहे, तो चालतो, शेतात जातो. भांडण असं काहीच नाही. पण पूर्वी तो मला हक्काने कामं सांगायचा, हे आण, ते भर, ह्याला फोन लाव. आता सांगत नाही. मागच्या वेळी मला पोचायला एसटीमुळे तासभर उशीर झाला, तर तो एकटाच आत जाऊन डॉक्टरांना दाखवून आला होता. काय म्हणाले डॉक्टर, मी विचारलं.

"समदं ठीक हाय म्हणले. तू कशाला एवढी धावपळ करतीस?" तो म्हणाला. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात.