श्रावणातली सुकट

समोरच्या घरात सुकट भाजली की तिच्या वासाने मला दहिसरला आल्यानंतरचा आमचा पहिला श्रावण आठवतो. पार्किंगमध्ये पडलेली एक आजारी मांजर मी घरात आणली होती. ती दिवसभर कपाटामागे दडून बसायची, आणि औषधाची गोळी चुरून मी दूध पुढे ठेवलं की हुंगून तोंड फिरवायची. मालवणच्या सासूबाई तिच्याकडे बघतही नसत. मग एकदा तिच्या तोंडाला माशाचा वास आला. श्रावणात आमच्या घरात मासळी येत नाही. म्हणजे बाहेरचं कुणीतरी तिला काहीतरी घालत होतं. माझा संशय थेट समोरच्या काकूंवर गेला. त्या श्रावण पाळत नसत आणि मांजरांवर कायम चिडलेल्या. विषबिष तर नसेल? मी खिडक्या लावून घेतल्या, तरी तिच्या तोंडाला वास येतच राहिला. शेवटी एका दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडले. दार हळूच वाजलं. काकूंनी कागदाची पुडी पुढे केली आणि ती सासूबाईंनी घेतली. कपाटाशी उकिडवं बसून त्यांनी भाजलेल्या सुकटीत गोळी कालवली. "खा गो बाये, श्रावण आमका, तुका नाय." मग मागे न बघताच मला म्हणाल्या, "तुझ्या दुधाक औषधाचो वास येता." मांजर बरी झाली, आता म्हातारीही झालीय. पण माझ्या हातचं अजून हुंगल्याशिवाय खात नाही, आणि श्रावण लागला की मी तिचं तोंड हुंगते.