पाठ लागली की लागली

"लागली. पाठ लागली त्याची. सोड आता, संपली कुस्ती, मोजत काय बसलायस मेल्या," असं ओरडत माझ्या बायकोचे मामा पलंगावर उभे होते. ज्याला उद्देशून हे चाललं होतं तो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला अमेरिकन पंच टीव्हीत गुडघ्यांवर बसून, गादीवर हात आपटत, निवांतपणे दोनपर्यंत आला होता. दोनाला खालच्या पैलवानाने खांदा उचलला आणि कुस्ती पुढे चालू झाली. मामा पलंगावरून उतरले ते निकाल देऊनच. "लाल चड्डीवाला जिंकला. ज्याला पुढचं बघायचं असेल त्याने बघावं." आणि मग पुढचा पाऊण तास स्वतःच मांडी ठोकून बघत बसले. मी आयुष्यात पुष्कळ न्यायी माणसं पाहिली. पण ज्यांना न्याय नको आहे अशांना रविवारी जेवणानंतर घरी बोलावून, पोहे खायला घालून, पुन्हापुन्हा न्याय देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका मला मामेसासरा लागत होता. मामा ठाण्याला कोपरीत ओरडले की खाडीपलीकडे कळव्यात झोपलेली कुत्री उठून बसायची आणि उगाच आपलं काही चुकलंय का ते आठवायची.

ही गोष्ट टीव्हीला केबलची तार नुकती लागली होती तेव्हाची. अमेरिकेत वर्षाकाठी पैलवानांचे दोनचार मोठे सोहळे होत. तिकडे म्हणे ते घरी बघायला वेगळे पैसे भरावे लागत. आमच्याकडे तोच सोहळा चार-सहा महिने शिळा होऊन, कॉपीची कॉपी काढलेल्या कॅसेटमधून येई. तोवर गोऱ्या पैलवानांचे चेहरे हिरवे पडलेले असत आणि मधूनच पडद्यावर कुणाच्या तरी बारशाची दोन मिनिटं येऊन जात. मामा बारशालाही हात जोडत. केबलवाला कॅसेट पहिल्यांदा मामांकडेच धाडायचा. भक्तीपोटी नव्हे. सोहळा केबलवर आधी लागला तर मामा त्याच्या दुकानात जाऊन निकाल देत आणि गिऱ्हाईक पळून जाई.

मामांची सोहळ्याबद्दलची मतं ठाम होती. वरात फार मोठी आणि लग्न फार छोटं, हे पहिलं. एकेक पैलवान धुरातून, दिव्यांतून, गाण्यातून चालत यायला जितका वेळ घेई तितक्यात आमच्या जत्रेत चार जोड सुटले असते, असं ते म्हणत. बोलणं फार, हे दुसरं. "पैलवानाच्या हातात माईक दिला की समजावं, याच्या मांडीत दम राहिला नाही." पिवळा रेशमी झगा घालून येणाऱ्या जगज्जेत्याचं नाव मामींनी 'सोवळ्या' ठेवलं होतं. सोवळ्यावर मामांचा विशेष राग होता, कारण मामांच्या हिशेबी तो जगज्जेता नव्हताच. फार पूर्वी एका फुटकळ कुस्तीत पोपटी चड्डी घातलेल्या एका काडीपैलवानाने त्याची पाठ एका क्षणापुरती टेकवली होती. पंचाने एकही मोजला नव्हता. मामांनी मोजला. त्या दिवसापासून कोपरीपुरता जगज्जेता पोपटीच होता. तो बिचारा दर सोहळ्यात पहिल्या पाच मिनिटांत मार खाऊन स्ट्रेचरवरून जाई आणि मामा उभं राहून त्याला मान देत. "पट्टा याचाच आहे. त्याला माहीत नाही एवढंच."

आता पंचाने तीनपर्यंत मोजूच नये एवढ्यासाठी माणूस रक्त का आटवतो, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. त्याचं उत्तर दर रविवारी मामांच्या शेजारीच, वेताच्या खुर्चीत, पोह्यांवर लिंबू पिळत बसलेलं असे. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'पैलवान' म्हणत असू. ते राहायचे विठ्ठलवाडीला. तरुणपणी कोपरीच्या जत्रेत मामांची आणि त्यांची शेवटची, मानाची कुस्ती लागली होती. मामांनी ढाक मारली, पैलवान खाली आले, आले तसे चेंडूसारखे उसळून उभे राहिले. पंचांनी त्यांच्या पाठीकडे बघितलं, पाठीला माती दिसली, आणि फेटा मामांच्या डोक्याला बांधला. पितळेची कळशीही मामांना मिळाली. त्या कळशीत मामी अजून तांदूळ ठेवत. मामा पुढे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खपले, मिठागराचा वाटा भावांनी खाल्ला, मुलगा झाला नाही, बढती झाली नाही. आयुष्यात जिंकले ते एवढंच. आणि पैलवान पहिल्या दिवसापासून सांगत आले होते की माती आधीच्या झटापटीतली होती, पाठ लागलीच नव्हती.

अमेरिकन कुस्ती पहिल्यांदा बघितली तेव्हा पैलवानांना म्हणे गहिवरून आलं होतं. "बघ," ते मामांना म्हणाले, "याला म्हणतात माणुसकी. माणूस पडला तर तीन मोजेपर्यंत थांबतात. उठायची संधी देतात. तिकडे असतो तर कळशी माझ्या घरी असती."

"तिकडे माती नाय," मामा म्हणाले. "माती नाय म्हणजे साक्षीदार नाय. म्हणून मोजायला लागतं भिकारड्यांना. मातीला एक लागत नाय, दोन लागत नाय. लागली की लागली."

झालं. त्यानंतर अमेरिकेतल्या कुठल्याही दोन माणसांनी कुठेही कुस्ती केली तरी कोपरीत ती जत्रेचीच कुस्ती व्हायची. सोवळ्याने दोनाला खांदा उचलला की पैलवान टाळी देत आणि मामा पलंगावर चढत. मी डोंबिवलीहून येऊन, भरल्या पोटी, डोळे उघडे ठेवून हे ऐकत बसायचो. बायको म्हणायची, "जा की, त्यांना तेवढीच सोबत." मी गेलो. वर्षानुवर्षं गेलो. माझ्या रविवारांचं कुणी स्मारक बांधलं तर ते कोपरीतच बांधावं लागेल.

एकदा कंटाळून मी म्हणालो, "पण मामा, हे सगळं नुरा असतं म्हणतात. आधीच ठरलेलं असतं कोण जिंकणार ते." त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालेलं मी त्या दिवशी पाहिलं. दोघंही माझ्याकडे सारख्याच कीवेने बघत होते. मग मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुमच्या लग्नात फोटोवाल्याने तुम्हाला हार दोनदा घालायला लावला. पहिल्यांदा त्याचा फ्लॅश उडाला नव्हता म्हणून."

"हो."

"म्हणून लग्न खोटं झालं?"

आतून मामी म्हणाल्या, "त्यांना पोहे द्या अजून." विषय संपला.

दुसऱ्या एका सोहळ्यानंतर वाद इतका तापला की मामांनी प्रयोग करायचं ठरवलं. क्षणभर टेकलेल्या पाठीला खूण उमटते की नाही, एवढंच बघायचं होतं. माती नव्हती म्हणून मामींचं भाकरीचं तांदळाचं पीठ गादीवर पसरलं गेलं. पडणारा म्हणून माझी निवड झाली, कारण मी घरात सर्वात कमी उपयोगाचा होतो. मामांनी माझा पट काढला. मला फक्त छत आठवतं, छतावरचा पंखा आठवतो आणि मामींचं "अहो, धाकटा जावई आहे तो" हे वाक्य आठवतं. मग दोन म्हाताऱ्यांनी मला खिडकीशी उजेडात नेलं, शर्ट वर केला, आणि सोनार हार तपासतात तशी माझी पाठ तपासली.

"उमटली," मामा म्हणाले.

पैलवानांनी बोटाने पीठ घेतलं, चोळून बघितलं, वास घेतला. "हे पीठ आहे. मातीचं मला सांग."

मामा त्यानंतर पाच मिनिटं त्यांच्याशी बोलले नाहीत. मामांच्या लेखी तो आजन्म अबोला होता. नंतर तेच त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. दर रविवारी जात. जाताना वाटेत भांडत आणि फाटकापाशी मामा म्हणत, "पुढच्या रविवारी ये, सिद्ध करतो."

मग एका वर्षी पैलवान यायचे थांबले. अर्धांगवायूचा झटका आला होता, डावं अंग गेलं होतं. मामांना कळलं त्या रविवारी मी गेलो होतो. टीव्ही बंद होता. मामा कळशीतले तांदूळ उगीच खालीवर करत होते आणि मामी त्यांना ओरडत नव्हत्या, यावरूनच मी काय ते ओळखलं. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी मोठ्या सोहळ्याची कॅसेट आली. मामांनी केबलवाल्याकडून व्हीसीआर उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "विठ्ठलवाडी." ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत मी तो व्हीसीआर तान्ह्या पोरासारखा धरून बसलो होतो. मामा वाटेत काही बोलले नाहीत. मामा बोलत नाहीत हे इतकं अनोळखी होतं की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

पैलवान खाटेवर उताणे होते. तो सहा फुटी माणूस आता अंथरुणात अंथरुणासारखाच दिसत होता. सून म्हणाली, बोलतात, पण हळू. मामा दारातच उभे राहिले. त्यांची नजर कुठे होती ते मला कळलं. पैलवानांची पाठ, दोन्ही खांदे, सपाट गादीला लागलेले होते. मामा पुढे झाले, कोपऱ्यातली उशी उचलली आणि पैलवानांच्या डाव्या खांद्याखाली सारली. जरा मागे होऊन बघितलं, पुन्हा नीट केली. "एक खांदा वर पाहिजे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक.

सोहळा लागला. तोच धूर, तेच दिवे, तेवढीच लांब वरात. पोपटी यंदा नव्हताच. कुठे गेला ते अमेरिकेत कुणी सांगितलं नाही आणि कोपरीत कुणाला विचारायचं सुचलं नाही. शेवटच्या कुस्तीत सोवळ्या खाली आला. पाठ लागली. मीसुद्धा बघितली, आंधळ्याने बघितली असती. पंच गुडघ्यांवर बसला. एक. मी मामांकडे पाहिलं. दोन. सोवळ्याने खांदा उचलला. मामा स्टुलावर बसलेले होते ते बसलेलेच राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या ओरडण्याला कंटाळलो होतो, आणि आता त्यांनी एकदा ओरडावं म्हणून आत कुठेतरी माझा जीव तुटत होता.

सोवळ्या जिंकला, पट्टा वर धरला, मधेच दोन मिनिटं बारसं आलं. मामांनी टीव्ही बंद केला. सून चहा ठेवायला आत गेली. मामा पैलवानांची उशी पुन्हा सारखी करत राहिले, ती सारखी असूनही. मग तिच्यावर हात ठेवून, खाली बघत म्हणाले, "ती जत्रेतली कुस्ती रे. मी काय तेव्हा नीट बघितलं नाय. घाम होता डोळ्यांत. माती आधीचीच असेल तुझी. नसेल लागली पाठ."

पैलवान छताकडे बघत होते. अर्धं तोंड हलत नव्हतं, अर्ध्याने म्हणाले,

"लागली होती."