लुसांबाच्या घरचा वार

किन्शासात वीज आज या गल्लीला, तर उद्या त्या गल्लीला. आमच्या वस्तीत जेवणाचंही तसंच, आणि नावही तेच: लोडशेडिंग. एक दिवस मुलांचा वार, दुसरा मोठ्यांचा. बाकीच्या घरांत नवऱ्याची भूक हा नियम मोडते. माझा नवरा तर मुलांच्या वाराला सगळ्यांआधी हात धुऊन बसायचा. गेला बिचारा, जाऊ दे. लुसांबाइतका कडक नियम मात्र मी कुठे पाहिला नाही.

आम्ही दोघी एकाच अंगणात राहतो. मी बायकांच्या वेण्या घालते, ती भाजी विकते. तिच्याकडे ज्यांचा वार, त्यांच्यातल्या थोरल्याच्या हाती वाढायचा डाव. बाकीच्यांनी फाटकापाशी बसून मोठमोठ्याने गप्पा मारायच्या, म्हणजे आत जेवणाऱ्यांना ओशाळं न वाटता घास गोड लागतो. मुलांच्या वाराला डाव तिच्या थोरल्या लेकीकडे, बियुमाकडे. वय आठ, तोरा मुकादमाचा.

त्या संध्याकाळी मुलांचा वार होता. लुसांबाचा नवरा कझादी धापा टाकत आला. बांधकामावर सिमेंटची पोती उचलायला त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं होतं. कित्येक महिन्यांनी काम मिळत होतं. पहिल्याच पोत्याला गुडघे वाकले तर मुकादम दुसऱ्याला उभा करणार. आणि आदल्या दिवशी, मोठ्यांच्या वाराला, चूलच पेटली नव्हती.

"अगं, वाढ की त्याला! पातेलं तुझंच ना?" मी म्हणाले.

"आज नाही माझं, मावशी."

बाजारात पोलिसांशी भांडणारी ही धिप्पाड बाई लेकीपुढे उकिडवी बसली. "बियुमा, बाबांना उद्या पोती उचलायचीत. तुझ्याकडे मागतेय. नाही म्हणालीस तरी चालेल."

बियुमाने पातेल्यात पाहिलं. फुफूचे, म्हणजे कसाव्याच्या पिठाच्या उकडीचे गोळे अन् कसाव्याच्याच पाल्याची भाजी. धाकट्या दोघांना तिने त्यांचं वाढलं आणि आपला गोळा बापापुढे ठेवला.

"धाकट्यांचं नाही देणार. माझं देते. आणि बाबा, सावकाश खा, ठसका लागेल."

मी आणि लुसांबा फाटकाशी जाऊन बसलो. मग ती बाहेर आली, आमच्या दोघींच्या मध्ये बसली आणि मोठ्याने सुरू झाली, "मावशी, आमच्या बाईंचा केसांचा टोप काल वर्गात घसरला, माहितीय?"

तिच्या पोटातली गुरगुर मला ऐकू येत होती. लुसांबा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मीही हसले, आणि अंगावर काटा आला. चर्चमध्ये इतकी वर्षं गुडघे टेकले, पण असा काटा तिथे कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी कझादी सिमेंटने पांढराफटक होऊन आला. मुकादमाने परत ये म्हटलं होतं. चूल पेटली, वार मोठ्यांचा. बियुमा धाकट्यांना हाताला धरून फाटकाकडे निघाली. पाय नीट पडत नव्हते.

"कुठे निघालीस?" लुसांबाने विचारलं.

"आज तुमचा वार."

"काल फाटकाशी मोठ्यांत कोण बसलं होतं? मग आज मोठ्यांत जेव."

"मी मोठी नाहीये," बियुमा पुटपुटली.

"आजच्यापुरती हो. उद्या परत लहान हो."

बियुमाने धाकट्यांचे हात माझ्या हातात दिले आणि आत जाऊन आईला खेटून बसली.