दारविसचं पातेलं

लिही गं, माझ्या थोरल्या भावाचं लिही. तोहापदादाचं. तोबा तळ्याकाठच्या आमच्या गावात तो चर्चचा पंच. पास्टर नसले की प्रार्थना चालवायची ती त्यानंच. बोलायला असा, की कॉफीच्या टपरीवर समोरचा गप्पच व्हायचा. एक दारविस तेवढा पुरून उरायचा. खारे मासे विकायचा, मुसलमान. रोज दोघांचा वाद, आणि एक दिवस चुकला तर दोघांना करमायचं नाही. दारविस म्हणायचा, "तोहाप, तुझ्या येशूला पण बोलू दे की जरा. सगळं तूच सांगतोस."

दादाच्या लेकीचं लग्न निघालं. आमच्यात लग्नाला डुक्कर हवंच, तेही रक्तात शिजवलेलं. पण मुसलमान पाव्हण्यांचं कोंबडं वेगळं शिजतं. चूल वेगळी, पातेलं वेगळं, डावसुद्धा वेगळा. दादानं दारविसला शब्द दिला होता, की मी स्वतः बसतो पातेल्याशी, तू निर्धास्त जेव.

बसलाही होता गं सकाळपासून. पण व्याह्यांकडचा एक शिकलेला पाव्हणा देवाबद्दल काहीबाही बोलला, झालं. दादा उठला आणि मांडवात त्याला देव पटवत बसला. परत येऊन बघतो तर कोंबड्याच्या पातेल्यात डुकराच्या रश्श्याचा काळा डाव. गर्दीत कुणी घातला कोण जाणे.

वहिनी हळूच म्हणाली, "काढा तो आणि गप्प बसा. भरल्या मांडवात शोभा नको. त्याला थोडंच कळणार आहे?"

दादानं डाव काढला. ताटं वाढून गेली. मी तिथंच भात काढत होते, दादाच्या तोंडाकडं बघवेना. दारविसनं हात धुतले, बिस्मिल्ला म्हणाला, तसा दादा धावला आणि त्याच्या ताटावर हात आडवा धरला.

"खाऊ नकोस. डुकराचा डाव लागलाय. मी नव्हतो तिथं."

"मग कुठं होतास?"

दादाची मान खाली. "देवाबद्दल बोलत होतो."

कुणीतरी फिसकन हसलं. व्याह्यांची तोंडं उतरली. दारविसनं दोन केळी खाल्ली, नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, निघून गेला. दादा त्या दिवशी जेवला नाही. रविवारी प्रार्थनेला उभा राहिला तर तोंडून शब्द फुटेना, तसाच खाली बसला. टपरी टाळायला भातखाचरांतून वळसा घालून जायचा. वहिनी बोल बोल बोलली.

नाताळच्या आधी दारविस दादाच्या दारात उभा, काखेत घरचं पातेलं.

"हे तुझ्याकडं राहू दे," म्हणाला. "उद्या लेकीला मूल होईल, त्याच्या बाप्तिस्म्याला मी यातलं जेवणार. आणि टपरीवर ये रे, भांडायला कुणी नाही."

पुढल्या वर्षी लेकीला मुलगा झाला. बाप्तिस्म्याच्या दिवशी स्वयंपाकाच्या बाया सोडून आम्ही सगळे चर्चात गेलो. पास्टरांनी दादाला बोलावणं धाडलं, तो आला नाही. पातेल्याशी बसून राहिला. नातवाच्या डोक्यावर पाणी पडलं तेही त्यानं बघितलं नाही. मागं राहिलेल्या बाया सांगत होत्या, चर्चची घंटा वाजली तशी तिथंच, डाव हातात धरून, प्रार्थनेला काढतात तशी त्यानं टोपी काढली.