सोंडवाला आणि बिनसोंड्या

गिरणीवाल्या काकूंशी वाद घालून जिंकलेलं माणूस आळीत शोधूनही सापडलं नसतं. पिठात किडा निघाला म्हणून कुणी डबा घेऊन तणतणत आलं, की काकू किडा तळहातावर घ्यायच्या, डोळ्याला भिंग लावायच्या आणि निकाल द्यायच्या. "सोंड आहे याला. हा अख्ख्या दाण्याच्या पोटात वाढतो. तुमच्याच धान्यातून आला." बिनसोंडेचा, चपटा, तांबूस किडा मात्र पिठावर पोसतो, तो निघाला तर गिरणीच घाण म्हणायची, हेही त्याच सांगायच्या. गंमत एवढीच, की तसला किडा आजवर कधी निघालाच नव्हता.

धाकट्या जावेशी अबोला पडला तोही असल्याच निकालापायी. चारचौघांत काकूंनी तिच्या गव्हाला नावं ठेवली, तेव्हापासून तिने लांबची गिरणी धरली. जिना एक, नळ एक, पण शब्द नाही. काकूंना ते सलायचं. वरकरणी म्हणायच्या, "माझं काय अडलंय?"

पुढे ती लांबची गिरणी बंद पडली आणि जाऊ नाइलाजाने दळण घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी तिने तो डबा उघडून काकूंपुढे ठेवला. रांगेतल्या माना वळल्या.

किडा काकूंच्या हातावरून तुरुतुरु पळाला. चपटा, तांबूस. बोटाने अडवून त्यांनी पुन्हा पाहिलं. अजून सोंड फुटली तर बरं, असं त्यांना वाटत होतं. भिंग त्यांच्याच हातात होतं. "सोंड आहे" म्हटलं असतं तर खोटं ठरवायची कुणाची छाती होती? पण मग जाऊ पुन्हा पायरी चढली नसती, हेही पक्कं ठाऊक होतं.

"माझा आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी बटण बंद केलं, रांगेला उद्या बोलावलं आणि पान्याने जात्याचं झाकण उघडलं. कडेला जुन्या पिठाची खपली आणि तीत तांबड्यांचं अख्खं गाव. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाऊ गेली नव्हती. "ताई, आणि माझ्या गव्हातला तो? त्याला होती का सोंड?"

"गर्दी होती गं तेव्हा," काकू म्हणाल्या. "मी बघितलंच नव्हतं."

जाऊने डब्याचं झाकण लावलं. "बोललात सगळ्यांसमोर. आता हेही सगळ्यांसमोरच सांगा. उद्या."

"सांगते," काकू म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना रांगेची धास्ती वाटली.