तीन कॅसेटी पाठ असलेला माणूस

आमच्या लालासाहेबांचं पहिलं प्रेम मी न्हवं, हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं. तोफखान्यातनं सुट्टीवर आलेला माणूस बायकोला साडी आणतो, निदान काचेच्या बांगड्या तरी. ह्यांनी आणला वॉकमन, आन् तोसुदीक स्वतःसाठी! त्यात कॅसेट एकच, चारभिंती बँडची. साताऱ्यातल्या चारभिंतीवर संध्याकाळी गिटार घेऊन बसणारी कॉलेजची चार पोरं, त्यांनी त्या टेकडीचंच नाव बँडला दिलं. गाणारा सुमंत, गिटारवाला मुकुल. बाकी दोघांची नावंबी मला पाठ हायत, पाठ न होऊन करतील काय? घरात दुसरं काय ऐकूच येत नव्हतं.

"रॉक म्हंजे नुसता धिंगाणा न्हाई, सुला," हे मला समजवायचे. "ह्यात चाल हाय. भांडल्यावाणी सुरू हुतंय आन् समजूत काढल्यावाणी संपतंय."

"तुमी माझी कवा काढली समजूत?" मी विचारायची. मग हसून एक इयरफोन माझ्या कानात घालायचे. झाली समजूत!

बँडच्या कॅसेटी आल्या तीनच. पहिली 'घाट उतरताना'. त्यातलं 'थांब जरा' हे गाणं म्हंजे ह्यांचा देव. मधेच सगळी वाद्यं गप्प हुत्यात, श्वास घ्यायला लागावा एवढाच वेळ, आन् मग मुकुलची गिटार एकटी वर चढत जाती. त्या जागेला लालासाहेबांचा उजवा हात वर जाणार म्हंजे जाणार. मग म्हशीची धार काढत असूद्यात न्हाईतर दाढी करत असूद्यात. दुसरी 'फलाटावर', ती जरा मऊ, दोघांच्या आवाजातली. बर्फातल्या चौकीवर हीच ऐकून दिवस काढले म्हणतात. तिसरी 'परतीचं तिकीट'. तिच्यात त्यांनी कीबोर्ड घातला, लोकांनी शिव्या घातल्या, आन् बँड फुटला. पण ह्यांचा हेका एकच, "हीच सगळ्यात भारी, लोकांना कळली न्हाई." त्यावरनं सातारच्या स्टँडवर एका प्राध्यापकाशी वाद घातला न्हवं का, मी पिशव्या घेऊन शेजारी उभी!

पेन्शनीत आल्यावर ह्यांनी शाळेच्या पोरांची व्हॅन घेतली. गाडीत दुसरं काय लागणार? पोरांना पाढे येईनात, पण 'थांब जरा' तोंडपाठ. सगळी एकदम हात वर करायची. लालाकाका म्हंजे जीव की प्राण त्या पोरांचा.

औंदा पावसाळ्यापासनं मला खटकाय लागलं. टीव्हीचा आवाज एवढा की शेजारची हरणाबाई तिच्या घरात बसून आमची मालिका ऐकायची. मी सैपाकघरातनं हाक मारली तर उत्तर न्हाई, समोर जाऊन उभी राहिले की "काय गं?" मोठे आवाज तेवढे कळायचे, धप धप असे. बारीक आवाज गेलेले. एकदा गल्लीत मागचा मोटरसायकलवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला, आन् हे आपले मधनं निवांत.  ह्या कानांवर पोरं नेतोय हा माणूस!

हट्ट करून कान तपासायला नेलं. रिपोर्ट आला चांगला. वयाच्या मानानं ठीक हाय म्हणाले डॉक्टर. मग काय विचारता, पदक मिळाल्यावाणी तो कागद गल्लीभर दाखवला.

त्यांच्याच पलटणीतले हंबीरराव ते ऐकून खो खो हसले. "वैनी, त्यो पास हुणारच. तोफेपाशी कान गेले की मेडिकल कॅटेगरी उतरती, बढती बुडती. मग आमी काय करायचो? तपासणाऱ्याच्या खांद्याकडं बघायचो. त्यानं बटण दाबलं की खांदा हलतो. खांदा हलला की ऐकू आल्यावाणी आपण बोट वर करायचं. सारी तोफखान्याची माणसं अशीच पास झाल्याती."

मला हसू यायचं काय कारण न्हवतं. घरी येऊन म्हणलं, "आवं, परत जाऊया. ह्यावेळी भिंतीकडं तोंड करून बसा."

असा भडका उडाला म्हणता! "सारी नोकरी शेप वन, पहिल्या नंबरच्या तब्येतीवर काढली मी! आन् तू मला बहिरा ठरवतीस? गाडी बंद झाली की मी बंद झालो, कळतंय का तुला?"

कळत व्हतं की. न कळायला काय झालं? पण दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडणार व्हती. मीबी सांगून टाकलं, "सोमवारी गाडीत पोरं घेतलीत तर मी शाळेच्या फाटकात आडवी उभी राहीन. सगळ्या आयांदेखत." मग घरात भांडी तेवढी आपटत व्हती.

आन् त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी सकाळी सांगलीत चारभिंतीचा कार्यक्रम! इतक्या वर्षांनी चौघं परत एकत्र येणार. आमची लेक शिवांजली सांगलीत दिलेली, तिनं तिकिटं काढून ठेवलेली. हे म्हणाले, "चल. बस शेजारी आन् बघ, मी गाडी कशी चालवतोय ती." मी बसले. माझा बेत वेगळाच व्हता. मला डोळ्यानं बघून खात्री करायची व्हती.

कराडपर्यंत बरं चाललं. गाणी लावलेली, हे पहिल्या कॅसेटीपासनं सांगत सुटलेले. मुकुलनं कुठलं गाणं कसं बांधलं, सुमंतचा आवाज दुसरीत का बसला. मी मान हलवत व्हते न आरशात बघत व्हते. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, आन् मागनं ॲम्ब्युलन्स आली. लाल दिवा, भोंगा, सगळं. हे मधल्या पट्ट्यातनं हलंनात. बोटं स्टेअरिंगवर ठेका धरत व्हती. मी दंडाला गच्च धरून हलवलं तवा कुठं आरशात बघितलं आन् गाडी कडंला घेतली. आतल्या माणसाचं काय झालं असंल, देव जाणे.

"गाण्यात कळलं न्हाई," म्हणाले.

"व्हय का?" म्हणलं, आन् 'थांब जरा' चालू व्हतं ते हळूच बटण फिरवून बंद केलं. पार बंद. नुसता चाकांचा आवाज. हे आपले ठेका धरतायत. ओठ हलतायत. मग बोटं थांबली, श्वास घेतला, आन् उजवा हात वर गेला. अगदी बरोबर जागेला!  म्हणलं, "मी बंद केलंय ओ ते." वळूनसुदीक बघितलं न्हाई. धावत्या गाडीत त्या माणसाशी भांडायचं कसं? सांगली येईपर्यंत आरशात बघत बसले, मुठी आवळून.

नाट्यगृह भरलेलं. आमच्याच वयाची टकली, चष्मे, कुणी कुणी बँडचे जुने टीशर्ट पोटावर ताणून घातलेले. पडदा वर गेला. चौघं दिसल्यावर ह्यांच्या डोळ्यात पाणीच आलं. माझ्याबी आलं, खोटं कशाला बोलू? पण सुमंतनं माईक घेऊन सांगितलं की सुरुवात एका नव्या गाण्यानं करतो, आई गेली तवा केलेलं हाय, टाळ्या नका वाजवू, नुसतं ऐका. सगळं सभागृह गप्प झालं. ड्रमवाल्यानं हळू ठेका धरला, धप, धप, आन् सुमंत बारीक आवाजात गायला लागला.

लालासाहेब उठून उभे राहिले. दोन्ही हात वर करून टाळ्यांनी ठेका धरला आन् खणखणीत आवाजात सुरू केलं, "थांब जराऽऽ!"

मी सदरा ओढला. त्यांना वाटलं, मीबी उठतीय. मागनं कुणी तरी "ओ काका, बसा की!" म्हणून वरडलं. माना वळल्या. हे त्यांच्याकडं बघून हसले, सगळ्यांना हातानं उठवाय लागले. वर सुमंत गायचा थांबला. ड्रम थांबला. एवढ्या मोठ्या सभागृहात एकटा आमचा माणूस गात राहिला, सुरात, एक शब्द न चुकता. आन् मग हात वर करून गिटारीची वाट बघत उभा राहिला.

मुकुलनं गिटारीला हातसुदीक लावला न्हवता.

मी त्यांना धरून बाहेर आणलं. आवारात उन्हात उभं केलं आन् दोन्ही हातात त्यांचं तोंड धरलं. "ते गाणं नव्हतं. नवीन गाणं व्हतं. आईचं."

माझ्या ओठांकडं बघत राहिले. "खोटं."

"माझी शप्पथ."

"मग मी काय ऐकलं?"

"तुमची कॅसेट," म्हणलं. माझा आवाज फुटला, पण त्यांना त्याचं काय?

पायरीवर बसले.  मला वाटलं, आता चिडतील, न्हाईतर रडतील. दोन्ही केलं न्हाई. जमिनीकडं बघत म्हणाले, "सुट्टीच्या आदल्या दिवशी मी गाडी मागं घेतली. बारक्या अबोलीचं दप्तर चाकाखाली गेलं. ती बाजूलाच उभी. मी तिलाच दम दिला, वरडली का न्हाईस म्हणून. ती म्हणाली, काका, मी वरडले की."

हे मला ठाऊक नव्हतं.  मीबी शेजारी बसले.

"शाळेच्या मोठ्या बाईंना फोन लाव," म्हणाले. "उद्यापासनं गाडी न्हाई म्हण. दुसरी बघा म्हण." मी फोन लावला. बोलून झालं तरी माझ्या तोंडाकडं बघत व्हते, पुरं सांगितलं का न्हाई ते.

व्हॅन शिवांजलीच्या दारात लावली, किल्ली जावयाच्या हातात दिली, आन् आमी सांगलीच्या स्टँडवरनं यष्टी धरली. खिडकीची जागा मिळाली तर त्यांनी मला तिथं बसवलं आन् स्वतः माझ्याकडं तोंड करून तिरके बसले.

"आता सांग," म्हणाले. "काय म्हणत व्हता सुमंत? पहिल्यापासनं सांग."

दोनच ओळी तर ऐकलेल्या मी. त्या सांगितल्या, हळू, ओठ नीट दिसतील असं. परत सांग म्हणाले. परत सांगितल्या. पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत व्हती, कारण मी लय मोठ्यानं बोलत व्हते. बघू दे तिला.